गोंडाळ पिवळं पडतंय? खत टाकण्याआधी रोप उलटं करून बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. नाशकात बंगल्याच्या अंगणात तुम्ही दिवाळीत सिमेंटचा नवा हौद बांधून घेतलात. 8 बाय 5 फूट, पाणी दीड फूट, तेही बोअरचं. मधोमध छोटं कारंजं. डिसेंबरात 10 गोल्डफिश आणि वीसेक गप्पी सोडले. जानेवारीच्या शेवटी नर्सरीतून गोंडाळाची (कोबीच्या गड्ड्यासारखं दिसणारं तरंगतं रोप, पिस्टिया) 12 आणि पानवेलीची (म्हणजे जलपर्णीची) 5 रोपं आणली. तीन आठवडे झाले. गोंडाळाची नवी पानं फिकट पिवळी येतायत, शिरा तेवढ्या हिरव्या. काही रोपं मधल्या गड्ड्यातून सडल्यासारखी वाटतायत. पानवेल जागची हलत नाही. मासे अजून तरी ठीक आहेत. भावाच्या द्राक्षबागेतलं 19:19:19 खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) घरात आहे, ते चमचाभर टाकलं तर चालेल का, माशांना काही होईल का, असं तुम्ही विचारलंय.

खताचं उत्तर आधी देतो: टाकू नका. अर्धा चमचाही नको. त्यातल्या नत्राचा मोठा भाग युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो. बागेत तो मातीत मुरतो, हौदात थेट माशांच्या कल्ल्यांपर्यंत जातो. रोपांना जे लागणार नाही त्यावर शेवाळ पोसतं आणि आठ दिवसांत पाणी हिरवंगार होतं. शिवाय तुमच्याकडे नत्र कमी पडलंय असं लक्षणांवरून दिसतही नाही. दहा गोल्डफिश रोज खातात आणि रोज अमोनिया सोडतात, बराचसा कल्ल्यांतूनच. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. तरंगणारी रोपं तर पहिल्या टप्प्यावरचा अमोनियाच उचलायला टपलेली असतात. म्हणून ती माशांच्या हौदात इतकी उपयोगी. नत्र कमी पडलं असतं तर जुनी, बाहेरची पानं आधी पिवळी पडली असती, कारण रोप जुन्या पानातलं नत्र काढून कोवळ्या पानाला देतं. लोहाचं तसं नाही. ते एकदा पानात बसलं की हलत नाही, म्हणून लोह तुटलं की कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. तुमचं वर्णन याच्याशी जुळतं.

पण म्हणून लगेच लोह आणून ओतू नका. लोह पाण्यात कमी आहे की पाण्यात असूनही रोपाला उचलता येत नाही, हे आधी ठरवायला हवं. माझ्या अनुभवात सिमेंटच्या नव्या हौदात बहुतेक वेळा दुसरं कारण निघतं.

मी कोल्हापुरात गेली वीस वर्षं अंगणातली, गच्चीवरची तळी बांधतो आणि सांभाळतो. कुणी रोपाच्या पानाचा फोटो पाठवला की मी मुळांचा मागतो. तरंगणाऱ्या रोपाला माती नसते, त्याचं सगळं पोट मुळांत. एक गोंडाळ उचला, पांढऱ्या बादलीत स्वच्छ पाणी घ्या आणि त्यात रोप सरळ धरून मुळं मोकळी होऊ द्या. निरोगी गोंडाळाची मुळं पांढरट ते फिकट तपकिरी, पिसासारखी, प्रत्येक धाग्याला बारीक लव असलेली दिसतात. पानवेलीची काळपट जांभळी असतात, तो सडका रंग समजू नका. मुळं फार लांब, विरळ झाली असतील तर रोप अन्न शोधत खाली जातंय. आखूड, दाट असतील तर पाण्यात भरपूर आहे. बोटांत चिमटीने ओढल्यावर बुळबुळीत साल निघून मधला धागा हातात राहिला आणि वास आला, तर ती कूज. आणि मुळं एका रेषेत तोडल्यासारखी, टोकं चावलेल्या दातवणासारखी असतील, तर रोगबिग काही नाही, गोल्डफिशने ती खाल्लीयत.

चौथी एक गोष्ट बघा. मुळं दोन बोटांत चोळल्यावर बारीक वाळूसारखं कचकच लागतं का? पानांच्या खालच्या बाजूला आणि हौदाच्या पाणीरेषेवर पांढरी रेघ आहे का? असेल तर तो चुना आहे, बोअरच्या पाण्यातला किंवा सिमेंटमधला.

नव्या सिमेंटमधून कित्येक आठवडे चुना सुटत राहतो आणि पाण्याचा सामू (पीएच) वर चढवतो. सामू साडेआठच्या वर गेला की पाण्यातलं लोह गंजून तळाला बसतं आणि रोपाला घेता येत नाही. पण मला रोपांपेक्षा माशांची काळजी जास्त वाटते. माशांनी सोडलेला अमोनिया दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी, दुसरं विषारी. 25 अंश तापमानाला सामू 7 असेल तर विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. सामू 8 झाला की 5 टक्के, आणि 9 झाला की जवळजवळ 36 टक्के. म्हणजे मासे तेच, खाणं तेच, घाणही तितकीच, फक्त सामू दोनने वाढला आणि विष साठ-सत्तर पटींच्या घरात गेलं. थंडीत हे प्रमाण थोडं कमी राहतं आणि मासेही कमी खातात. तुमचे मासे अजून ठीक आहेत ते बहुधा थंडीमुळे आणि तुम्ही हात राखून खायला घातल्यामुळे. मार्च उजाडला की ही सवलत संपेल.

त्यामुळे आज पहिलं काम सामू मोजण्याचं. मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांचं किट मिळतं, पट्ट्यांपेक्षा ते बरं. एकदा नाही, दोनदा मोजा: पहाटे उजाडताना आणि दुपारी चारला. दिवसा शेवाळ आणि पाण्याखालची रोपं कर्बवायू खेचून घेतात म्हणून सामू चढतो, रात्री उतरतो. पहाटे 7.8 आणि दुपारी 9 आला तर शेवाळ जास्त झालंय, त्याला सावली हा उपाय. दोन्ही वेळा 9 च्या आसपास किंवा वर राहिला तर सिमेंट बोलतंय.

सिमेंटच निघालं तर वरवरचे उपाय करू नका. मासे असताना हौदात व्हिनेगर किंवा आम्ल ओतणारे लोक मी पाहिलेत. सामू तासाभरात आपटतो, चुना पुन्हा सुटून रात्रीत वर येतो, आणि या झोक्यांत मासे मरतात. मासे आणि रोपं पंधरा-वीस दिवसांसाठी मोठ्या ड्रममध्ये किंवा भाड्याच्या प्लास्टिक टाकीत हलवा. हौद रिकामा करून ब्रशने घासा. पाणी भरा, केळीच्या खुंटाचे तुकडे टाका, चार-पाच दिवस ठेवा, काढून फेका. असं तीन वेळा. केळीचा खुंट कुजताना आम्लं सुटतात आणि चुना मरतो, हा आपल्याकडचा जुना उपाय आहे आणि तो काम करतो. घाई असेल तर हौद पूर्ण वाळवून पिण्याच्या टाक्यांसाठीचं इपॉक्सी आतून मारा, पण डब्यावर लिहिलेले दिवस ते पूर्ण सुकू द्या.

पाण्याचंही बघा. तुमच्याकडे महापालिकेचं पाणी येत असेल तर ते मुख्यतः गंगापूर धरणाचं. धरणाचं पाणी बोअरपेक्षा बरंच मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं. निम्मं बोअर, निम्मं नळ असं करून बघा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांना चालत नाही, म्हणून ते उघड्या ड्रममध्ये एक दिवस ठेवा किंवा हायपोचे खडे डब्यावरच्या प्रमाणात टाका. जूनमध्ये पन्हळीचं पाणी धरता आलं तर त्याच्यासारखं मऊ पाणी नाही. पहिल्या दोन पावसांचं मात्र सोडून द्या, कौलांवरची सगळी धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यात येते.

आता लोह. सामू 8 च्या आत आला आणि तरी नवी पानं पिवळीच येत राहिली, तर लोह द्या. नाशकात एक सोय आहे: द्राक्षबागायतदारांना लागतं म्हणून कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेलं टिकावं म्हणून बांधून ठेवलेलं) सहज मिळतं. त्यात दोन प्रकार दिसतील. ईडीटीए 12 टक्केवालं स्वस्त असतं, पण सामू सातच्या वर गेला की ते टिकत नाही. ईडीडीएचए 6 टक्केवालं महाग, पण आपल्या कठीण पाण्यातही टिकतं. पाणी काही दिवस लालसर चहासारखं दिसेल, घाबरू नका. तुमच्या हौदात 60 घनफूट, म्हणजे साधारण 1,700 लिटर पाणी आहे. त्याला 3 ग्रॅम पुरे, लिटरला 0.1 मिलिग्रॅम लोह होतं. माशांना त्याचा त्रास नाही. मगभर पाण्यात विरघळवून संध्याकाळी टाका आणि दहा दिवस थांबा. पिवळी झालेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, ती बघत बसू नका. त्यानंतर फुटलेलं पान हिरवं आलं की समजा लागू पडलं. पाकिटावर झिंक, तांबं असलेली मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यं मात्र घेऊ नका. तांबं माशांना, त्याहून जास्त गोगलगायींना मारतं.

कारंज्याबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण सडण्याचं कारण मला तिथेच वाटतं. गोंडाळाच्या पानावर बारीक मखमली लव असते, पाणी तिच्यावरून घरंगळून जातं. पण सतत तुषार पडत राहिले की मधल्या गड्ड्यात पाणी साचतं, आणि रात्री थंडी असेल तर तिथूनच कूज सुरू होते. जानेवारी-फेब्रुवारीत नाशकात पारा दहाच्या आसपास किंवा खाली येतो. गोंडाळ उष्ण प्रदेशातलं, पंधराच्या खाली ते आधीच कुडकुडतं. कारंजं काढू नका, माशांना त्यातून प्राणवायू मिळतो. त्याचं तोंड बदलून पाणी फुटण्याऐवजी बुडबुड्यासारखं वर उसळेल असं करा आणि रोपांना कोपऱ्यात वेगळी जागा द्या.

ती जागा कशी करायची ते सांगतो, कारण गोल्डफिशचा प्रश्नही त्यातच सुटतो. अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि चार एल्बो घेऊन तीन बाय चार फुटांची चौकट करा, सांधे सोल्युशनने पक्के बंद करा म्हणजे आत हवा राहून ती तरंगेल. तिला खालून झोळीसारखी अर्धा इंची भोकांची प्लास्टिकची जाळी बांधा, नऊ-दहा इंच खोल. चौकट दोरीने एका कोपऱ्याला अडकवा. मोठे गोल्डफिश जाळीबाहेर राहतात आणि मुळं वाचतात. गप्पी मात्र भोकांतून आत-बाहेर करतात, आणि ते हवंच आहे. मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या गोंडाळाच्या आणि पानवेलीच्या मुळांना भोक पाडून तिथूनच श्वास घेतात, पृष्ठभागावर येतच नाहीत. तिथवर पोचणारा छोटा मासा हवा. गप्पींची पिल्लंही त्याच मुळांत वाढतात. सकाळी जाळीत वाकून पाहिलंत तर मुळांच्या धाग्यांमध्ये पापणीच्या केसाएवढी पिल्लं स्थिर उभी दिसतील.

गोल्डफिश मुळं खातो तो त्याचा स्वभाव, त्याला दोष नाही. त्याला हिरवं लागतंच. उकडून सोललेला मटार, वाफवलेला पालक आठवड्यातून दोनदा द्या. शक्य असेल तर एका टबात डकवीड किंवा अझोला (ही बारीक तरंगती रोपं) वेगळा वाढवा आणि मूठभर हौदात टाकत जा. अझोल्याबद्दल एक लक्षात ठेवा: त्याच्या पानात राहणारे नील-हरित जिवाणू हवेतलं नत्र धरतात, त्यामुळे माशांच्या अमोनियाची त्याला फारशी गरज पडत नाही. खाद्य म्हणून उत्तम, पाणी साफ करायला मात्र गोंडाळच सरस. आणि पुढे कधी कोई (मोठे शोभेचे मासे) घ्यायचा विचार असेल तर दीड फूट पाण्यात घेऊ नका. शिवाय कोई असताना उघडी तरंगती रोपं टिकल्याचं मी पाहिलेलं नाही.

किती पृष्ठभाग झाकायचा? इथे परिस्थितीवर अवलंबून आहे असंच म्हणावं लागतं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात मी निम्म्यापर्यंत झाकायला सांगेन आणि वर हिरवी जाळीही लावायला सांगेन. कोकणात झाडाखालच्या तळ्यात एक तृतीयांश पुष्कळ. तुमच्या हौदाला सहा तास ऊन आहे असं धरून चौकटीएवढंच, म्हणजे 40 पैकी 12 चौरस फूट, उन्हाळ्यात फार तर 20. त्यापुढे नाही.

हे मी इतक्या ठामपणे का सांगतो, त्याचं कारण माझ्याच अंगणात आहे. काही वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला लग्नासाठी बारा दिवस गावी गेलो होतो. जाताना गोंडाळ निम्म्या तळ्यावर होतं, परतलो तेव्हा पाणी दिसत नव्हतं. रात्री उशीर झाला होता, म्हटलं सकाळी काढू. आभाळ भरलेलं, वारा अजिबात नाही, पाऊस पडत नव्हता. पहाटे पाचला बायकोने हाक मारली. मासे पृष्ठभागाला तोंड लावून, रोपांच्या फटीफटींतून हवा ओढत होते. मी हातांनी गोंडाळ ओढून काढलं, बादलीने पाणी वरून ओतत राहिलो, तरी सात वर्षं सांभाळलेले चार मोठे मासे गेले. रात्री रोपंही श्वास घेतात, मासेही घेतात, कुजणारी पानंही प्राणवायू खातात, आणि वर गच्च पांघरूण असलं की हवेतून नवा प्राणवायू येत नाही. मुळात गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: 20 अंशाला लिटरमध्ये 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशाला साडेसातच. ढगाळ, निवांत रात्री सगळ्यात वाईट. तेव्हापासून मी गावाला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी रोपं निम्मी करतो आणि हवेचा पंप चालू ठेवूनच घर सोडतो.

दर रविवारी वाढलेली रोपं काढणं हेच खरं पाणी साफ करणं आहे. रोपांनी शोषलेलं नत्र-स्फुरद रोप बाहेर काढल्यावरच हौदाबाहेर जातं. तिथेच सडू दिलंत तर ते परत पाण्यात. काढताना मोठी, जुनी, पिवळी आई-रोपं काढा आणि धाग्याने जोडलेली कोवळी पिल्लं ठेवा. बरेच जण उलटं करतात.

उन्हाळा लागला की गोंडाळाच्या पानांवर मावा येईल. कडुलिंबाचं तेल, कीटकनाशक, साबण काहीही फवारू नका. बागेत वापरतात ती पायरेथ्रॉइड गटातली औषधं तर माशांना अगदी सूक्ष्म प्रमाणातही घातक असतात. रोप पाण्यात उलटं बुडवून झटका; मावा तरंगतो आणि गप्पी मिनिटात साफ करतात. नवी रोपं आणाल तेव्हा फिकट गुलाबी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, धुवा आणि दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवा. गोगलगायींची अंडी, जळवा, चतुराच्या अळ्या तिथेच कळतात. चतुराची अळी गप्पींची पिल्लं एकेक करून संपवते. आणि नर्सरीतलं रोप जाळीखाली, शेणाच्या पाण्यात वाढलेलं असतं. तुमच्या उन्हात आल्यावर पहिली आठ-दहा पानं करपणारच. ते नुकसान मोजू नका.

या शनिवार-रविवारी काय करायचं ते एकत्र सांगतो. दोन वेळा सामू मोजा, अमोनियाही मोजा. एक गोंडाळ बादलीत धरून मुळं बघा. सडलेली रोपं काढा, कारंजं खाली आणा, चौकट बांधा. अमोनिया दिसला तर दोन दिवस खाणं बंद ठेवा आणि पाव भाग पाणी बदला. मात्र नवं पाणी जुन्याच्या सामूशी फार तफावतीचं नसावं. लोह त्यानंतर, लागलं तरच.

राहिली पानवेल. तुमच्याकडे पानवेल, पुण्यात जलपर्णी, आमच्याकडे केंदाळ. रोप एकच, मूळचं अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातलं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालमार्गे आपल्याकडे आलं. अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांत ते दुप्पट होतं आणि त्याचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. आमच्या रंकाळा तलावाची यानेच काय अवस्था केली होती ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तुमची गोदावरी तुम्ही पाहताच. खाली नांदूर मध्यमेश्वर आहे, 2020 साली रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत) गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. नाशकात नाल्यात टाकलेलं रोप पावसात गोदावरीत उतरून तिथवर जाऊ शकतं. म्हणून माझी विनंती आहे की ती पाच रोपं काढूनच टाका, त्यांच्याऐवजी कुंडीत लावलेली कुमुदिनी ठेवा. तिची पानंही सावली देतात आणि ती कुंडी सोडून जात नाही. गोंडाळही नदीत तितकंच माजतं, तेव्हा काढलेलं प्रत्येक रोप गच्चीवर पसरून कडकडीत वाळवा आणि मगच कंपोस्टमध्ये घाला. हौदाच्या ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी आत्ताच लावून घ्या, जूनची वाट बघू नका.

पहाटेचा आणि दुपारचा सामू, अमोनियाचा आकडा आणि मुळांचा बादलीतला फोटो मिळाला की पुढचं नेमकं सांगता येईल. सिमेंटचा काँक्रीटवाला भाग किती जाड आहे आणि आतून काही रंग मारलाय का, तेही कळवा.